डोंग्यातला चाकू

परवा रत्नागिरीहून भाच्याचा फोन. "मामा, चाकू कोणता घेऊ?" मला वाटलं स्वयंपाकघरातला. तर साहेबांना समुद्रात कयाक वल्हवायचा नाद लागलाय, आणि क्लबातल्या जुन्या लोकांनी बजावलंय की अंगावर चाकू असल्याशिवाय पाण्यात जायचं नाही. आता यवतमाळ जिल्ह्यातला माणूस समुद्रातल्या चाकूबद्दल काय सांगणार! समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तोच नोकरी लागल्यावर. पण प्रश्न डोक्यातून जाईना.

मग आठवला ऑस्कर स्पेक. हा जर्मन तरुण, मंदीत बेकार झालेला, १९३२ साली डॅन्यूबकाठच्या उल्म गावाहून घडीच्या कयाकमधे बसून निघाला. उल्म म्हणजे आपल्या उमरखेडसारखंच समुद्रापासून लांबचं गाव. सायप्रसच्या तांब्याच्या खाणीत काम शोधायला निघालेला हा गडी युफ्रेटिस उतरून, इराणच्या आखातातून हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्याने १९३५ साली सिलोनला पोचला, आणि १९३९च्या सप्टेंबरमधे ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत. तोवर महायुद्ध सुरू झालेलं, त्यामुळे उतरल्यावर थेट नजरकैद! वाटेत इंडोनेशियातल्या एका बेटावर लोकांनी त्याला म्हशीच्या कातड्याच्या पट्ट्यांनी बांधून घातलं होतं. तासन् तास धडपडून त्याने हात सोडवले. हे वाचताना मी नकळत माझी मनगटं चोळली होती.

तसं पाहिलं तर आमच्या पैनगंगेलाही समुद्र आहेच. सहस्रकुंडाला उडी घेऊन ती पुढे वर्धेला मिळते, वर्धा वैनगंगेला भेटून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. स्पेकसारखा एखादा वेडा आमच्या घाटावर जन्मला असता तर... असो.

चाकूकडे येतो. शिडाच्या जहाजांवर खलाशाचा चाकू बोथट टोकाचा असे. मेंढीच्या खुरासारखं पातं, धार सरळ, पाठ टोकाशी उतरती. हलत्या डोलकाठीवर काम करताना चाकू हातातून निसटला तर खालच्याच्या अंगात घुसू नये, आणि जाड दोर तोडताना पात्याच्या पाठीवर ठोकता यावं, हा हिशेब. खलाशी भांडणात भोसकाभोसकी करत म्हणून कप्तान टोकं मोडून घेत, अशीही गोष्ट सांगतात. ती खरी असो नसो, मला आवडते. आपल्याकडचे सोनकोळी चाकू दोरीने गळ्यात अडकवत, असं जुन्या वर्णनांत येतं. म्हणजे हत्यार कुठे ठेवायचं याचं उत्तर त्यांनी कधीच काढलं होतं. गंज हा मात्र खाऱ्या पाण्यातला कायमचा वैरी. त्यावर १९१३ साली शेफील्डच्या हॅरी ब्रेअर्लीने क्रोमियम घातलेलं पोलाद काढलं, तरी न गंजणारं म्हणून विकलेलं पातंही मिठात कालांतराने डागाळतंच. गोड्या पाण्याने धुवायला हवं.

पण खरा बदल चाकूत नव्हे, दोरीत झाला. पूर्वी जाळी सुताची, सणाची. आमचा तर कापसाचाच मुलूख! सुताचं जाळं पाण्यात कुजतं, म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून ते टिकवायचे. जुनं झालं की ओढीने तुटायचं. १९३८ साली अमेरिकेत नायलॉन जाहीर झालं, आणि स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत ते आपल्या जाळ्यांतही शिरलं. कुजत नाही, पाण्यात दिसत नाही, हाताने तुटत नाही. मासेमाराला वरदानच. आणि पायात अडकलं तर?

मी सातवीत होतो. आमच्या गावचे एक भोई, ज्यांना सगळी पोरं तात्या म्हणायची, त्यांनी आम्हाला पोहायला शिकवलं. त्यांचा थोरला मुलगा पुराच्या पाण्यात अडकलेलं जाळं सोडवायला उतरला आणि पाय गुंतला. चाकू होता, चांगला धारेचा. डोंग्यात, फळीखाली. बुडालेल्या माणसापासून तो फार तर चार हात लांब असेल. त्यानंतर तात्यांनी चाकू करगोट्याला बांधला तो शेवटपर्यंत. मला एकदा म्हणाले होते, "दोरी ताणून धराव लागते बाबू. ढिली दोरी कोण्याच सुरीनं कापत नाही."

तेव्हा भाच्याला मी हेच कळवलं. घडीचा नको. वाळू बसली आणि बोटं गारठली की उघडत नाही. टोक बोथट, नाहीतर घाईत स्वतःचीच मांडी फाडशील. निम्मी धार करवतीसारखी दातेरी, कारण नायलॉनचा दोर गुळगुळीत पात्याखाली सरकतो. म्यान लाइफ जॅकेटच्या छातीवर, दोन्ही हातांना पोचेल असं. होडीच्या डब्यात ठेवू नकोस. हे शेवटचं मी दोनदा लिहिलं.

काल त्याने फोटो पाठवला. नारिंगी मुठीचा चाकू, छातीवर डावीकडे. फोन लावून म्हटलं, डोळे मिटून काढून दाखव. "काढला मामा." कोणत्या हाताने? "उजव्या."

आता डाव्याने काढ, म्हटलं. बराच वेळ नुसती खुडबुड ऐकू येत होती.