गुडमार : जिभेवरून रक्ताकडे

करमाळा हा मूळचा ज्वारीचा तालुका. उजनीचे पाणी आले तसा पश्चिम भागात ऊस आला, आणि उसामागोमाग साखर कारखाने. अशा ठिकाणी मधुमेहावर ‘साखर मारणारा’ पाला सुचवला गेला, तर विद्यार्थी आपल्याला विचारणारच की हे खरे का? ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणण्यापूर्वी या पाल्याचा इतिहास पाहू.

गुडमार ही रुईच्या कुळातील वेल. संस्कृतात तिला मधुनाशिनी म्हणतात, मराठीत बेडकीचा पाला. पान चावून साखर तोंडात टाकली की वाळू चघळल्यासारखे वाटते. साधारण अर्ध्या तासाने गोडी परत येते. ही गंमत एजवर्थ या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८४७ मध्ये नोंदवली. १८८७ मध्ये उटकमंड येथील रसायनतज्ज्ञ डेव्हिड हूपर यांनी पानांतून जिम्नेमिक आम्ल वेगळे केले. क्विनीनचा कडूपणाही पानाने बोथट होतो, आंबट चव मात्र तशीच राहते, असे त्यांना आढळले.

येथे एक फसवी उडी आहे. जिभेवरची साखर ‘मेली’, म्हणून रक्तातलीही मरेल! जिम्नेमिक आम्ले जिभेवरील गोडीच्या ग्राहक-प्रथिनाला चिकटतात, एवढेच त्या अनुभवातून कळते. रक्ताचे रक्तातच मोजावे लागते.

ते मोजण्याचे काम विसाव्या शतकात सुरू झाले. १९२१ मध्ये टोरांटोला इन्शुलिन सापडले, पण आपल्याकडे ते परदेशातून येई आणि महाग पडे. १९२६ मध्ये के. जी. घारपुरे (सापांवरील पुस्तकामुळे पुढे प्रसिद्ध झालेले) यांनी ‘इंडियन मेडिकल गॅझेट’मध्ये मधुमेहावरील गुडमारच्या वापराविषयी टिपण छापले. १९२८ मध्ये कलकत्त्याच्या रामनाथ चोप्रा यांच्या गटाला मात्र रुग्णांच्या रक्तातील साखरेवर परिणाम दिसला नाही. १९३० मध्ये डॉ. म्हसकर आणि मुंबईच्या हाफकिन संस्थेतील फादर कायस यांनी प्राण्यांवर प्रयोग केले, तेव्हा साखर उतरली. स्वादुपिंडाला इन्शुलिन स्रवण्यास उत्तेजन मिळत असावे, असा त्यांचा अंदाज होता. हे दोघे वनस्पतींचे भाबडे भक्त नव्हते. सर्पदंशावरच्या शेकडो देशी वनस्पती तपासून एकही गुणकारी नाही, असे त्यांनीच १९३१ मध्ये जाहीर केले.

मग चोप्रा खरे की म्हसकर? आम्हाला वाटते, यात विरोध असलाच पाहिजे असे नाही. धडधाकट सशाचे स्वादुपिंड डिवचता येते. ज्याचे स्वादुपिंड इन्शुलिन बनवतच नाही, त्या रुग्णाचे काय डिवचणार? म्हणूनच पाला सुरू करून इन्शुलिन थांबवणे जिवावर बेतू शकते. आणि साखर उतरवणाऱ्या गोळ्यांबरोबर डॉक्टरांना न सांगता पाला घेतल्यास साखर फाजील खाली जाण्याचा धोकाही आहे.

१९९० मध्ये मद्रासच्या संशोधकांनी २२ व २७ रुग्णांच्या दोन गटांना पानांचा अर्क दिला. तो चालू उपचारांच्या जोडीला होता. काहींची औषधे कमी करता आली, काहींचे इन्शुलिनचे प्रमाण घटले. पण कोणाला अर्क आणि कोणाला नुसतीच गोळी, हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेले नव्हते. त्यामुळे पथ्याचा वाटा किती, हे सांगता येत नाही.

युरोपातील गॅलेगा या झुडपाची कथा वेगळी झाली. त्यातील विषारी ग्वानिडिनवर्गीय द्रव्यांचा माग काढत रसायनतज्ज्ञांनी निराळे रेणू घडवले आणि १९५७ मध्ये फ्रान्सच्या झां स्टर्न यांनी मेटफॉर्मिन रुग्णांना दिल्याचे प्रसिद्ध केले. गुडमारमधून असे औषध निघालेले नाही. जिम्नेमिक आम्ल एक नसून अनेक सारख्या आम्लांचा गोतावळा आहे, आणि बाजारच्या चूर्णात त्यांचे प्रमाण पुडीगणिक बदलते.