पॅट्रिशिया रोझारिओ आणि आमचे कान

लोणावळ्याचा पाऊस ज्यांनीं चार दिवस एका खोलींत बसून काढिला आहे, त्यांस त्याचा सूर ठाऊक असतो. तो कोसळून मोकळा होत नाहीं. एकसारखा लागून राहतो. अशाच एका श्रावणांत आम्ही तेथें एका स्नेह्याच्या बंगल्यावर उतरलों होतों, आणि वेळ काढावयास जॉन टॅव्हनर या इंग्रज संगीतकाराच्या ‘मेरी ऑफ ईजिप्ट’ या ऑपेराची ध्वनिमुद्रिका बरोबर नेली होती. बंगल्याची राखण करणाऱ्या माणसाची वृद्ध आई पडवींत शेंगा सोलीत बसली होती. तिचा जन्म कार्ल्याकडील एका वाडींत गेलेला. मुद्रिका सुरू झाली. खालीं एकच सूर अखंड धरलेला आणि त्यावर एका स्त्रीचा गळा हळूहळू वर चढत चाललेला. म्हातारीनें शेंगा खालीं ठेविल्या, कांहीं वेळ ऐकलें आणि विचारलें, “काय हो मास्तर, ही बाई दळाय बसलीया व्हय?”

आम्ही हंसलों. पुढें दोन दिवस तो प्रश्न मनांतून गेला नाहीं. कारण जी बाई गात होती ती कोणी मडम नव्हती. तिचें नांव पॅट्रिशिया रोझारिओ, जन्म मुंबईंत, १९६० सालीं, घराणें गोव्याचें. पाश्चात्य अभिजात संगीतांत, आणि त्यांतहि अगदीं आजच्या काळीं रचिल्या गेलेल्या संगीतांत, ज्या एतद्देशीय गळ्यानें सर्वांत मोठें स्थान मिळविलें तो हा. आमच्या सुशिक्षित घरांतून बालगंधर्वांची प्रत्येक हरकत मुखोद्गत असते. पण या बाईचें नांव काढलें तर दहांतले नऊ जण ‘कोण ह्या?’ असें विचारतील. आणि जिनें कधीं लोणावळ्यापलीकडची पेठ पाहिली नाहीं, ती म्हातारी मात्र तिला तात्काळ ओळखीची समजून बसली.

हा प्रकार घाटमाथ्यावर घडावा यांतहि एक मौज आहे. ऑपेरा हा शब्द देशावर चढला तो याच वाटेनें. बोरघाटांतून आगगाडी १८६३ सालीं सुरू झाली आणि मुंबईचीं नाटकें पुण्यास येणें सोपें झालें. पारशी मंडळ्या आपल्या संगीत खेळांस ‘ऑपेरा’ म्हणत. त्यांपैकींच एका मंडळीचा ‘इंद्रसभे’चा प्रयोग अण्णासाहेब किर्लोस्करांनीं १८८० सालीं पुण्यांत पाहिला, आणि त्याच वर्षीं, ३१ ऑक्टोबर रोजीं, आनंदोद्भव नाट्यगृहांत ‘संगीत शाकुंतला’चे पहिले चार अंक रंगभूमीवर आले. पुढची कथा वाचकांस सांगावयास नको. ऑपेरांत सारें गाऊन बोलावयाचें. आम्हीं गद्य राखलें व त्यांत पदें बसविलीं, पदांत हळूहळू ख्याल शिरला, आणि त्या ख्यालानें शेवटीं नाटकासच बाजूस सारलें. हें बरें कीं वाईट, हा वाद आमच्या पिढीनें पुष्कळ घातला आहे. तो येथें पुन्हा नको. एवढें खरें कीं घाट चढून आलें तें नांव. वस्तु मुंबईसच राहिली.

ती वस्तु ज्यांच्या हातीं राहिली त्यांत गोंवेकर मुख्य. पोर्तुगीज अमदानींत तेथील चर्चांच्या शाळांतून मुलांस स्वरलिपि वाचावयास व व्हायोलिन वाजवावयास शिकवीत. ती विद्या घेऊन गोंव्याचे ख्रिस्ती वादक पोटासाठीं मुंबईस आले. हिंदी बोलपटांचा जो भरगच्च वाद्यमेळ आपण ऐकत आलों, तो बराचसा त्यांच्याच हातचा. त्यांतील अँथनी गोन्साल्विस यांनीं १९५८ सालीं रागदारी व पाश्चात्य वाद्यवृंद एकत्र आणण्याचा मोठा उद्योग करून पाहिला. तो फार काळ चालला नाहीं. पडद्यामागें वाजवावें आणि नांव दुसऱ्याचें व्हावें, हें या मंडळींचें नित्याचें प्राक्तन.

रोझारिओबाईंनीं ती मर्यादा ओलांडली. त्या लंडनच्या गिल्डहॉल संगीतविद्यालयांत शिकल्या, तेथील सुवर्णपदक मिळविलें, आणि मोझार्टपासून पुढें जें जें सोप्रानोनें, म्हणजे स्त्रियांतील सर्वांत उंच पट्टीच्या गळ्यानें, गावयाचें तें तें नामांकित वृंदसंचालकांच्या हाताखालीं गाइल्या. एवढ्यावर त्या थांबत्या तरी यशस्वी गायिका म्हणून त्यांची नोंद झाली असती. पण त्यांची व टॅव्हनरची गांठ पडली, आणि त्यानें या एका गळ्यासाठीं तीसांहून अधिक रचना लिहिल्या. जिवंत रचनाकारानें गळा समोर ठेवून लिहावें आणि गायिकेनें ती रचना पहिल्यांदा जगापुढें मांडावी, हा संबंध आम्हांस परका नाहीं. भास्करबुवा बखल्यांनीं १९१६ सालीं ‘स्वयंवरा’च्या चाली दिल्या, त्या बालगंधर्वांचा गळा डोळ्यांपुढें ठेवूनच.

येथें टॅव्हनरविषयीं थोडें सांगणें प्राप्त आहे. विसाव्या शतकांत युरोपच्या अभिजात संगीतानें एक विलक्षण गोष्ट केली. ज्यास आपण षड्ज म्हणतों, तो घरचा सूरच अनेक रचनाकारांनीं टाकून दिला. बारा स्वर सारखे. कोणी यजमान नाहीं, कोणी पाहुणा नाहीं. त्यांतून विद्वत्ता पुष्कळ निघाली. पण साधा श्रोता बावरला. शतकाच्या उत्तरार्धांत कांहींजण उलट पावलीं फिरले. एस्टोनियाचा आर्वो पॅर्ट हा एक, टॅव्हनर दुसरा. टॅव्हनर १९४४ सालीं जन्मला, १९७७ सालीं त्यानें रशियन ऑर्थोडॉक्स पंथ स्वीकारला, आणि त्या पंथाच्या प्रार्थनांत एक सूर अखंड धरून त्यावर गाण्याची जी प्राचीन चाल आहे ती आपल्या रचनांत आणिली. त्यास असा गळा हवा होता, जो त्या सुरावर निश्चिंत बसेल, घाई करणार नाहीं, आणि दोन स्वरांमधल्या बारीक जागांस भिणार नाहीं. पियानोच्या पट्ट्यांवर वाढलेल्या कानांस त्या जागा चूक वाटतात. आपल्याकडे त्यांचेंच शास्त्र झालें आहे.

‘मेरी ऑफ ईजिप्ट’ १९९२ सालीं इंग्लंडांतील ऑल्डबरोच्या संगीतमहोत्सवांत प्रथम झाला. मेरीची भूमिका रोझारिओबाईंची. शब्द मदर थेक्ला या जोगिणीचे, आणि तेहि मोजके. कथा जुनी आहे. अलेक्झांड्रियाची एक वेश्या यात्रेकरूंबरोबर जेरुसलेमास जाते. देवळाच्या उंबरठ्याशीं कोणी अदृश्य शक्ति तिला अडविते. सारे आंत जातात, ती बाहेर राहते. तेथेंच तिचें मन पालटतें. ती जॉर्डन ओलांडून वाळवंटांत शिरते व तेथेंच सत्तेचाळीस वर्षें एकटी काढिते. झोसिमा नांवाचा एक तपस्वी तिला भेटतो. पुण्यवान तो, पण प्रेम काय तें त्यास तीच शिकविते. पुढें तो परत येतो तेव्हां ती मरून पडलेली असते. तिच्यासाठीं खड्डा खणावयास एक सिंह त्याच्या मदतीस येतो, अशी आख्यायिका आहे.

या कथेंत प्रेक्षकांस खिळवील असें नाटक थोडें. दोघें भेटतात, एकमेकांपाशीं आशीर्वाद मागतात, दूर होतात. सारा भार गळ्यावर. कोठें तो गळा खर्जाकडे इतका उतरतो कीं ही सोप्रानो असेल असें वाटूं नये. कोठें स्वर किंचित् फुटल्यासारखा होतो, आणि तें फुटणेंहि सुरांत असतें. देवळाबाहेर अडविलेल्या बाईची कथा ऐकत असतां मंगळवेढ्याच्या कान्होपात्रेची आठवण महाराष्ट्रीय माणसास झाल्यावांचून राहणार नाहीं. आणि वाळवंटांतील एकटेपण ऐकतांना आम्हांस आठवली ती जात्यावरची वनवासी सीता.

म्हातारीच्या प्रश्नाचें मर्म आम्हांस येथें उलगडलें. मावळ-मुळशीच्या डोंगरी गांवांतून ज्या ओव्या बाया दळतां दळतां गात, त्यांचा संग्रह गी प्वातवां या फ्रेंच गृहस्थानें व हेमा राईरकर यांनीं केला. पुढें तो महाराष्ट्रभर वाढून एक लाखावर ओव्यांचा झाला. त्या ओव्यांत सीतेचा वनवास पुनःपुन्हा येतो. जात्याची घरघर हा अखंड धरलेला सूर. त्यावर एकटीचा, कोणास ऐकविण्यासाठीं नव्हे असा गळा. गिरण्या आल्या, जातीं थांबलीं, आणि तो सूर म्हातारीच्या कानांतच काय तो राहिला होता. तो तिला परत ऐकूं आला तो लंडनमार्गें!

मात्र यावरून ‘रक्त बोलतें’ असा सोपा निष्कर्ष काढूं नये. ‘पूर्वेचा गूढ गळा’ अशी स्तुति पाश्चात्य टीकाकार सहज करून जातात, आणि आपणहि ती ऐकून सुखावतों. रक्तांतून गळा येत नाहीं. तो गिल्डहॉलांतल्या मेहनतीनें तयार झाला, मोझार्ट गाऊन तासला गेला. त्याखेरीज टॅव्हनरच्या संथ ओळी पेलणें अशक्य होतें. म्हातारीनें ओळखली ती जात नव्हे, गाण्याची बैठक.

उलट पक्षीं आमचे एक स्नेही म्हणतात, “भाषा त्यांची, देव त्यांचा, मग बाई आमची कशी?” या आक्षेपास आम्ही पेटीचें उत्तर देतों. हार्मोनियम युरोपांतून आली. आकाशवाणीनें परकी म्हणून १९४० सालीं तिला बाहेर काढलें, आणि मराठी रंगभूमीनें तिला पोटाशीं धरलें. २००३ सालीं लंडनच्या टेंपल चर्चमध्यें टॅव्हनरचें ‘द व्हेल ऑफ द टेंपल’ हें सात तासांचें रात्रभर चालणारें जागरण झालें. रोझारिओबाई त्यांत गाइल्या, आणि वाद्यांत पेटीहि होती, ‘भारतीय’ हार्मोनियम या नांवानें.

बाईंस २००१ सालीं ब्रिटिश सरकारनें ओ. बी. ई. हा किताब दिला. लंडनच्या रॉयल कॉलेजांत त्यांनीं अध्यापन केलें, आणि २००९ पासून ‘गिव्हिंग व्हॉइस टु इंडिया’ या उपक्रमानें इकडच्या मुलामुलींस गळा तयार करावयास शिकविण्याचें काम हातीं घेतलें. मुंबईचें रॉयल ऑपेरा हाऊस १९९३ सालीं बंद पडलें होतें. तें २०१६ च्या ऑक्टोबरांत दुरुस्त होऊन उघडलें, तेव्हां पहिलें गाणें त्यांचें झालें. याच रंगमंचावर पूर्वीं बालगंधर्व गाइले होते. टॅव्हनर तोंवर राहिला नव्हता. तो २०१३ सालींच वारला.

पाऊस उघडल्यावर आम्ही कार्ल्यास गेलों. एकवीरेच्या देवळाशेजारचें तें चैत्यगृह जंबुद्वीपांत उत्तम असल्याचें, तें पुरें करविणाऱ्या वैजयंतीच्या भूतपाल शेठीनें दोन हजार वर्षांपूर्वीं दाराशीं कोरवून ठेविलें आहे. आंतील खांबांवर दात्यांचीं नांवें आहेत. त्यांत धेनुकाकटाचे कांहीं यवन आहेत. देवीस आलेल्या कोळी बाया त्याच खांबांशीं मुलें घेऊन टेकल्या होत्या, आणि एक पोर मोठ्यानें हांक मारून कमानीखालचा पडसाद ऐकत होतें.