अणुगर्भातलं कोठार

कल्याण-शीळ रस्त्यावर गाडी अडकली की बघायला गोदामंच असतात. पुढे शीळफाट्याला रस्ता फुटतो, कोणी मुंब्र्याला वळतं, कोणी महाप्याला, कोणी पनवेलला. इथे ताऱ्यांच्या स्फोटाचा विषय काढणं आगाऊपणाचंच. पण त्या शास्त्रातही एक गोदाम आहे, आणि फाटेही आहेत.

गोदामाचं नाव बार्न. अमेरिकेत शेतावरच्या भल्यामोठ्या कोठाराला बार्न म्हणतात. डिसेंबर १९४२ मध्ये पर्ड्यू विद्यापीठात मार्शल हॉलोवे आणि चार्ल्स बेकर हे दोघे अणुबॉम्बच्या प्रकल्पासाठी काटछेद मोजत होते. काटछेद म्हणजे एखादी अणुप्रक्रिया घडण्याची शक्यता, क्षेत्रफळाच्या हिशेबात मांडलेली. आकडे यायचे दहाचा उणे चोविसावा घात चौरस सेंटिमीटर असे. रोज कोण घोकणार? एवढ्या क्षेत्रफळाला सुटसुटीत नाव हवं, म्हणून आधी शास्त्रज्ञांची नावं चाचपली. ओपनहायमर यांचं नाव द्यावं तर फार लांब. बेथे यांचं द्यावं तर बीटा अक्षराशी घोळ. जॉन मॅन्ली यांच्यावरून ‘जॉन’ सुचलं, पण अमेरिकन बोलीत जॉन म्हणजे शौचकूप! दोघांपैकी एक खेड्यातला. परसातल्या शौचकूपावरून त्याचं मन शेजारच्या कोठारावर गेलं. अणुकेंद्राच्या दुनियेत एवढं क्षेत्रफळ म्हणजे कोठारच की. थट्टेतलं हे नाव टिकलं आणि पाठ्यपुस्तकांत जाऊन बसलं.

गंमत अशी की हे कोठार आकार बदलतं. सोन्याच्या केंद्राचा प्रत्यक्ष पसारा साधारण दीड बार्न. खोलीच्या तापमानाला रेंगाळत येणाऱ्या न्यूट्रॉनला मात्र तेच केंद्र जवळजवळ ९९ बार्न ‘दिसतं’, आणि ताऱ्याच्या पोटातल्या वेगाने येणाऱ्याला जेमतेम ०.६. म्हणून ताऱ्यातला काटछेद हवा असेल तर प्रयोगशाळेत ताऱ्यासारखेच न्यूट्रॉन बनवावे लागतात. त्याची नामी युक्ती १९८८ मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरुहेत राटिन्स्की आणि केपेलर यांनी पक्की केली. ठरावीक ऊर्जेचे प्रोटॉन लिथियमवर आदळले की निघणाऱ्या न्यूट्रॉनांचे वेग सुमारे २९ कोटी अंशांच्या ताऱ्यातल्यासारखे असतात. त्याच वर्षी कुलाब्यात टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या भागीदारीत, १ कोटी ४० लाख व्होल्टचा पेलेट्रॉन हा कणांना वेग देणारा त्वरक सुरू झाला. लिथियमवर प्रोटॉन आदळवून न्यूट्रॉन तिथेही मिळवतात.

ज्याचा काटछेद मोजायचा त्या मूलद्रव्याचा पत्रा सोन्याच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये ठेवून न्यूट्रॉनच्या झोतात धरायचा. न्यूट्रॉन गिळलेलं सोनं किरणोत्सारी होतं आणि २.७ दिवसांत अर्धं उरतं. त्याचे गॅमा किरण मोजले की झोत किती होता ते कळतं, आणि त्यावरून मधल्या पत्र्याचा काटछेद. सराफ सोनं कसोटीवर घासतो. इथे सोनंच कसोटी.

आता फाटे. थोराड लाल ताऱ्यांत जड मूलद्रव्यं घडवणारे न्यूट्रॉन सावकाश मिळतात. मधल्या एखाद्या अस्थिर केंद्रापुढे दोन वाटा असतात: आणखी एक न्यूट्रॉन गिळायचा, नाहीतर क्षय पावून पुढचं मूलद्रव्य व्हायचं. स्फोटात असा विचार करायला उसंतच नसते, न्यूट्रॉनांचा नुसता भडिमार. सोन्याचा बहुतेक वाटा अशाच धुमश्चक्रीतला. १७ ऑगस्ट २०१७ ला दिसलेल्या दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीत जड मूलद्रव्यं घडल्याच्या खुणा मिळाल्या. स्फोटातली ती क्षणभंगुर केंद्रं पत्रा करून ठेवता येत नाहीत. मग वजाबाकी करतात. सूर्यमालेत सापडणाऱ्या एकूण साठ्यातून सावकाश घडलेला भाग वजा केला की उरतो तो मुख्यतः स्फोटाचा. म्हणजे शांत ताऱ्यांचे काटछेद चुकले, तर स्फोटाचा हिशेबही चुकला.

आणि कसोटीच थोडी चुकीची निघाली. सोन्याचा प्रचलित आकडा सुमारे ५ टक्के कमी होता, असं नंतरच्या मोजमापांत दिसलं. त्यामुळे सोन्याशी ताडून काढलेल्या कितीतरी मूलद्रव्यांचे आकडे पुन्हा सुधारून घ्यावे लागले.