जशी चूल, तसा पेलेट

दुभत्या जनावरापुढे ठेवायची गोळी पेंड मराठवाड्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. करंगळीहून बारीक, गुळगुळीत, पोत्यातून टोपल्यात ओतली की सळसळणारी. थंड देशांत ज्या शेगड्यांवर घरं उबदार ठेवतात, त्यांत जळणारा लाकडाचा पेलेट दिसायला थेट असाच. त्याची मूठभर कांडी घनसावंगी तालुक्यातल्या जांब समर्थ गावच्या एखाद्या गोठ्यात नेऊन दाखवली, तर पहिला प्रश्न येईल, ‘कोणत्या कंपनीची पेंड?’ प्रश्न चुकीचा म्हणता येणार नाही, कारण दोघींचं यंत्र एकच आहे. पेलेटचं कूळ शोधायला निघालं की पाय आधी जंगलाकडे वळत नाहीत, गोठ्याकडे वळतात.

पशुखाद्याच्या गोळ्या पाडणारी यंत्रं अमेरिकेत १९३० च्या दशकात रुळली. पोलादाचं जाड कडं, त्याला आरपार शेकडो भोकं आणि आतून फिरणारे रूळ. रुळाखाली सापडलेला भरडा भोकातून रेटला जातो, पलीकडे शेवेसारखा बाहेर पडतो आणि पात्याने त्याचे तुकडे होतात. तेलाचा तुटवडा येईपर्यंत या यंत्रात कोणी लाकडाचा भुसा घातला नव्हता असं नाही, पण त्याची गरज भासली नव्हती. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं आणि अमेरिकेतल्या लाकूड गिरण्यांच्या आवारातल्या भुशाच्या ढिगांकडे लोक इंधन म्हणून पाहू लागले. ओरेगॉन राज्यात रुडॉल्फ गनरमन यांनी भुशापासून पेलेट काढण्याचा कारखाना उभारला. त्यांच्या पद्धतीला १९७७ मध्ये अमेरिकी पेटंट मिळालं. ‘वुडेक्स’ या नावाने निघालेलं ते इंधन मुख्यतः बॉयलरसाठी होतं.

लाकडाची गोळी बांधायला डिंक लागत नाही. लाकडात लिग्निन असतं. रुळाच्या दाबाने आणि भोकातल्या घर्षणाने भुसा तापला की लिग्निन मऊ पडतं आणि थंड होताना कण एकमेकांना धरून ठेवतं. पेलेटच्या अंगावर दिसणारी चकाकी त्याचीच. मात्र भुशातला ओलावा दहा-बारा टक्क्यांच्या आसपास साधावा लागतो. जास्त झाला तर वाफेने गोळी फुटते, कमी पडला तर ती बांधलीच जात नाही.

बॉयलरमधला पेलेट घरात आणला सिअ‍ॅटलच्या जेरी व्हिटफिल्ड यांनी. ते बोइंग कंपनीतले अभियंता. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी घरगुती पेलेट शेगडी घडवली. वर पेलेटची टाकी, खाली जळण्याची वाटी, मध्ये सावकाश फिरून थोडे थोडे पेलेट पुढे ढकलणारा स्क्रू आणि हवेला पंखा. संध्याकाळी टाकी भरली की रात्रभर कोणी उठून लाकूड सरकवायला नको. जळणाच्या इतिहासात ही मोठी सुखाची गोष्ट होती. पण या सुखाबरोबर एक नवी अडचणही आली. चुलीपुढे बसलेलं माणूस फुंकणी मारतं, ओलं लाकूड बाजूला करतं, राख ओढतं. स्क्रूला यातलं काही येत नाही. माणसाने चुलीसमोरून उठायचं ठरवलं, तेव्हा त्याची सगळी अक्कल इंधनात आगाऊ भरून ठेवावी लागली. पेलेटची प्रतवारी इथून सुरू होते.

युरोपात पेलेटला सुरुवातीलाच ठेच लागली. स्वीडनमध्ये मोरा इथे १९८२ मध्ये पेलेटचा कारखाना सुरू झाला आणि चारच वर्षांत बंद पडला. १९९१ मध्ये स्वीडनने कार्बन कर लावला तेव्हा पेलेटला पुन्हा दिवस आले. पाठोपाठ ऑस्ट्रिया, जर्मनी आणि इटलीत घरोघरी शेगड्या बसल्या. प्रत्येक देशाची मोजमापं आधी वेगळी होती. पुढे २०१० च्या सुमारास ‘ईएनप्लस’ हा प्रमाणपत्राचा शिक्का आला आणि २०१४ मध्ये आयएसओ १७२२५-२ हे जागतिक मानक. त्यात घरगुती वापराच्या लाकडी पेलेटच्या तीन प्रती आहेत: ए१, ए२ आणि बी. राखेची मर्यादा अनुक्रमे ०.७, १.२ आणि २ टक्के.

मानकाचा तक्ता रुक्ष वाटतो, पण त्यातल्या प्रत्येक आकड्यामागे शेगडीचा एकेक अवयव उभा आहे. लांबी ४० मिलिमीटरपर्यंतच, कारण त्याहून लांब कांडी स्क्रूत आडवी बसते. पोत्यातला भुगा एक टक्क्याच्या आत, कारण भुगा टाकीच्या तळाशी साचून वाट अडवतो. एक घनमीटर पेलेटचं वजन किमान ६०० किलो, कारण स्क्रू वजन करत नाही, मापाने टाकतो. माल हलका निघाला तर तेवढ्याच फेऱ्यांत आच कमी पडते. ओलावा दहा टक्क्यांच्या वर नको, नाहीतर उष्णतेचा एक हिस्सा पाणी उडवण्यात जातो. आणि राख कमी, कारण वाटी लहान आहे. लाकूड चंदनाचं की चिंचेचं, हे तक्ता कुठेच विचारत नाही.

आपल्याकडे असा तक्ता पूर्वी कोणी का मांडला नाही, याचं उत्तर चुलीत आहे. चुलीला सगळं चालतं. घनसावंगीच्या पट्ट्यात कपाशी निघाली की पऱ्हाट्या, तूर बडवली की तुराट्या, बांधावरची बाभूळ आणि वर्षभर गोवऱ्या. त्यातही बायकांची प्रतवारी चोख असते. चूल पेटवायला तुराटी, भाकरीला पऱ्हाटीचा झपाट्याचा जाळ, दूध तापत ठेवायला गोवरीची मंद धग, मोठ्या स्वयंपाकाला बाभळीचा निखारा. ही प्रतवारी कागदावर आली नाही एवढंच. निवड करणारं माणूस चुलीसमोर हजर होतं, त्यामुळे आकड्यांची गरज पडली नाही.

शहरातल्या आणि तालुक्याच्या गावांतल्या घरांत मात्र पेलेटचा एक पूर्वज नांदून गेला: भुशाची शेगडी. पत्र्याचा डबा, बुडाशी एका बाजूला भोक. डब्याच्या मधोमध बाटली किंवा लाटणं उभं धरायचं, खालच्या भोकातून दुसरा दांडा आडवा सरकवायचा आणि भोवती वखारीतला भुसा मुठीने ठासून भरायचा. मग दोन्ही दांडे हलक्या हाताने, गोल फिरवत काढून घ्यायचे. मध्ये धुराड्यासारखी पोकळी तयार होते. खालून काकडा लावला की आतली भिंत जळत जळत बाहेर सरकते आणि बराच वेळ एकसारखी आच मिळते. भरणी सैल राहिली तर भिंत ढासळून शेगडी विझते; भुसा दमट असला तर घरभर धूर होतो; रंध्याच्या ढलप्या मिसळल्या तर नीट ठासलं जात नाही. कोरडेपणा, घट्टपणा आणि कणांचा एकसारखेपणा. मानकातली निम्मी कलमं या डब्याने शिकवून ठेवली होती. फक्त इथे ठासण्याचं काम रोज घरात व्हायचं, पेलेटमध्ये ते कारखान्यात होतं.

सरकारने १९८० च्या दशकात निर्धूर चुलीचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. त्यात चूल बदलली, जळण तेच राहिलं. दोन्ही एकदम बदलण्याचा मोठा प्रयोग २००६ मध्ये झाला आणि त्यात मराठवाडाही होता. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्रा. एच. एस. मुकुंद यांच्या गटाने बीपी या तेल कंपनीसाठी ‘ऊर्जा’ नावाची शेगडी विकसित केली. किल्लारीच्या भूकंपानंतरच्या कामातून उभ्या राहिलेल्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या साथीने गावोगावच्या बायका ती विकू लागल्या. शेगडीत सुमारे ६०० ग्रॅम पेलेट भरायचे, वरून पेटवायचे, बॅटरीवरचा छोटा पंखा सुरू करायचा. खालून येणाऱ्या थोड्या हवेत पेलेटमधून वायू निघतो, वरच्या भोकांतून येणाऱ्या हवेत तो जळतो. भांड्याखाली धूर जवळपास नाहीच. पेलेट लाकडाचे नव्हते. उसाचा चोथा, शेंगांची टरफलं असा शेतातलाच माल त्यांत होता. काही वर्षांत चार लाखांच्या आसपास शेगड्या खपल्या.

गाडं अडलं ते जळणापाशी. शेगडी एकदा विकत घ्यायची होती, पेलेट दर महिन्याला. उसाच्या चोथ्याला तोवर दुसरी गिऱ्हाइकं उभी राहिली होती. साखर कारखान्यांची सहवीज निर्मिती वाढली, इतर उद्योगांच्या बॉयलरना स्वस्त जळण हवं होतं. कच्च्या मालाचे भाव चढले, पेलेटचे त्यामागून चढले, आणि ज्या घरात पऱ्हाटी फुकट होती तिथे शेगडी माळ्यावर गेली. पऱ्हाटी तिच्यात चालत नव्हती आणि पेलेट चुलीत चालत नव्हते. चुलीत त्यांचा ढीग बसतो, मधून हवा खेळत नाही, नुसता धूर कोंडतो. बीपी २००९ मध्ये यातून बाहेर पडली. धंदा पुढे चालवणाऱ्या पुण्याच्या ‘फर्स्ट एनर्जी’ने आपलं लक्ष हॉटेलं आणि मोठ्या स्वयंपाकघरांकडे वळवलं. तिथे पेलेटची स्पर्धा फुकटच्या काडीशी नव्हती, व्यापारी सिलिंडरशी होती.

आता त्याच पऱ्हाटीला भाव यायची चिन्हं आहेत. गुलाबी बोंडअळीने २०१७ च्या हंगामात कपाशी नासवली, तेव्हापासून कृषी खातं सांगतं आहे की पऱ्हाट्या शेतात किंवा बांधावर रचून ठेवू नका, अळी त्यातल्या बोंडांत तग धरते. कापूस तंत्रज्ञानावर काम करणारी ‘सिरकॉट’ ही केंद्रीय संस्था पऱ्हाटीपासून कांडी कोळसा आणि पेलेट करण्याचं तंत्र देते. दुसरीकडे केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने २०२१ मध्ये औष्णिक वीज केंद्रांना कोळशाबरोबर ५ टक्के आणि पुढे ७ टक्के जैवइंधन जाळायला सांगितलं. त्या मोहिमेचं लघुनाव ‘समर्थ’ ठेवलं आहे.

वीज केंद्राचं गिऱ्हाईक मात्र अगदी वेगळ्या स्वभावाचं. ते पेलेट कोळशाबरोबर दळून पुन्हा भुकटीच करतं. कांडी लांब आहे की आखूड, चकाकते की नाही, याचं त्याला सोयरसुतक नाही. त्याला हवी उष्णता आणि कोरडेपणा. घरगुती शेगडीला नापास झालेला माल तिथे पास होतो. आयएसओनेही काडीकचऱ्यापासूनच्या पेलेटसाठी वेगळा भाग केला आहे, त्यात राखेला ६ आणि १० टक्क्यांपर्यंत मुभा आहे. तेव्हा पऱ्हाटीच्या पेलेटची तुलना पाइनच्या ए१ पेलेटशी करून नाक मुरडण्यात अर्थ नाही.

तरीही राखेचा हिशेब डोळ्यांसमोर ठेवावा. ६०० ग्रॅम ए१ पेलेट जळले तर राख फार तर चार ग्रॅम, चिमूटभर. दहा टक्के राखेचा माल असेल तर साठ ग्रॅम, म्हणजे ओंजळभर. त्याहून त्रासदायक असतो खंगर. पऱ्हाटी चिमट्याने मुळासकट उपटतात, मुळांबरोबर माती येते. मातीतली सिलिका आणि पिकातलं पालाश एकत्र आले की राख कमी तापमानालाच वितळते आणि वाटीत काचेसारखा खडा धरते. हवेची भोकं बुजतात. लोक शेगडीला दोष देतात, पण हा दोष शेतात मुळं न झटकल्याचा असतो. सालीचे लांब धागे दळणयंत्रात गुंततात हीसुद्धा पऱ्हाटीची खोड आहे. बारीक नीट झाली नाही तर कांडी ठिसूळ निघते.

गिऱ्हाइकाला घरच्या घरी बरंच तपासता येतं. पेलेट पाण्याच्या पेल्यात टाकावा. नीट दाबलेला तळाला जातो आणि काही मिनिटांत फुगून त्याचा भुसा होतो. तरंगत राहिला तर दाब कमी पडला आहे. दोन बोटांनी मोडावा, कट्‌कन तुटायला हवा. पोतं उलटं करून तळाचा भुगा पाहावा. भुशात चकाकणारी वाळू दिसली तर भाव विचारूच नये. रंगावर जाऊ नये. सालीमुळे पेलेट काळपट होतो, त्यात दर वेळी खोट नसते. आणि पावसाळ्यात पोतं जमिनीवर ठेवू नये, दमट हवेत कांडी पुन्हा भुसा होते.

भावाची तुलना किलोने केली तर फसगत होते, ती उष्णतेने करावी. चांगल्या पेलेटच्या एका किलोत साधारण ४,००० किलोकॅलरी, गॅसच्या एका किलोत सुमारे ११,०००. म्हणजे १४.२ किलोच्या सिलिंडरइतकी उष्णता मिळवायला जवळपास ४० किलो पेलेट लागतात. शेगडीत वाया जाणारी उष्णता धरली तर आणखी जास्त.

जांब समर्थच्या थंडीला अंगणातली शेकोटी पुरते. घर तापवणाऱ्या शेगडीची तिथे गरज नाही. पण त्या शिवारातली पऱ्हाटी पेलेट होऊन बाहेर जाणार असेल, तर ती कोणत्या आगीसाठी चालली आहे हे शेतकऱ्याला ठाऊक असायला हवं. वीज केंद्रासाठी असेल तर वाळवणं महत्त्वाचं, हॉटेलच्या शेगडीसाठी असेल तर माती झटकणंही. पोत्यावर राख, ओलावा, उष्मांक आणि कच्चा माल एवढ्या चार गोष्टी छापल्या, तर गिऱ्हाईक आपल्या शेगडीला झेपेल तो माल निवडेल आणि मुळं झटकून आणणाऱ्या शेतकऱ्याला त्या मेहनतीचे पैसे मागता येतील. आज ती मेहनत वजनकाट्यावर उलट तोट्याची ठरते, कारण माती तिथे पऱ्हाटीच्याच भावाने जाते.