प्रयोग आणि व्हॉइस : एका शालेय पाठाचा इतिहास

'चेंज द व्हॉइस' ही सूचना ज्याने शाळेत ऐकली नाही, असा इंग्रजी शिकलेला मराठी माणूस विरळा. कर्म उचलून कर्त्याच्या जागी ठेवावे, 'टु बी' क्रियापदाचे योग्य रूप घ्यावे, मूळ क्रियापदाचे तिसरे रूप त्यापुढे जोडावे आणि पदच्युत कर्त्याला 'बाय' लावून शेवटी बसवावे. त्रैराशिकाप्रमाणे ही रीत पाठ होते आणि गुणही मिळतात. मात्र या रीतीचा इतिहास तिच्याइतका सरळ नाही. त्यात मराठी व्याकरणाचाही एक अध्याय गुंतलेला आहे.

'व्हॉइस' ही कल्पना मुळात लॅटिनची. त्या भाषेत 'आमो' म्हणजे 'मी प्रीती करतो' आणि 'आमोर' म्हणजे 'माझ्यावर प्रीती केली जाते'. केवळ प्रत्ययाने अर्थाची दिशा पालटते. इंग्रजीत असे प्रत्यय उरलेच नव्हते. प्राचीन इंग्रजीतही 'हाट्टे', म्हणजे 'नाव आहे' किंवा 'म्हटले जाते', एवढेच एक तशा जातीचे रूप शिल्लक होते. बाकी सारे काम साहाय्यक क्रियापदांवर चाले. तरीही १५८६ मध्ये विल्यम बुलोकरने इंग्रजीचे पहिले छापील व्याकरण रचले, तेव्हा साचा लॅटिनचाच घेतला. पुढे रॉबर्ट लाउथ (१७६२) आणि लिंडली मरे (१७९५) यांच्या हातून ही चौकट शाळांत रुजली. अमेरिकेतून येऊन यॉर्कजवळ स्थायिक झालेल्या मरे यांनी आपले व्याकरण एका मुलींच्या शाळेसाठी लिहिले होते. ते साम्राज्यभर पसरेल, याची त्यांना कल्पनाही नसावी.

आज निर्विवाद वाटणारे नियमही त्या काळी स्थिर नव्हते. घर बांधले जात आहे, हे सांगण्यासाठी 'द हाउस इज बिल्डिंग' असे म्हणण्याचा प्रघात होता. 'द हाउस इज बीइंग बिल्ट' ही रचना अठराव्या शतकाच्या अखेरीस दिसू लागली आणि एकोणिसाव्या शतकातील जाणत्यांना ती कर्णकटू वाटली. अमेरिकेत जॉर्ज पर्किन्स मार्श यांनी आणि १८७० मध्ये रिचर्ड ग्रँट व्हाइट यांनी तिच्यावर कडक टीका केली. म्हणजे आपल्याकडील विद्यार्थी ज्या वाक्याला पूर्ण गुण मिळवतो, ते वाक्य त्याच्या पणजोबांच्या काळातील इंग्रज पंडिताने कदाचित खोडून टाकले असते.

याच मरे यांच्या व्याकरणाचा आदर्श समोर ठेवून दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ मध्ये 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' प्रसिद्ध केले. युरोपीय साचा या प्रदेशाला अगदीच नवा नव्हता. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने लॅटिनच्या धर्तीवर रचलेले कोंकणीचे व्याकरण १६४० मध्येच गोव्यात राशोल येथे छापले गेले होते. दादोबांची मांडणी पाश्चात्त्य वळणाची असली तरी परिभाषा बव्हंशी संस्कृताची होती, आणि 'प्रयोग' हा शब्द त्याच परिभाषेतला. पुढे शाळांतून कर्तरी म्हणजे 'ॲक्टिव्ह' आणि कर्मणी म्हणजे 'पॅसिव्ह' असे समीकरण रूढ झाले. घोटाळा झाला तो येथे.

'मी पत्र लिहिले', 'मी चिठ्ठी लिहिली' ही वाक्ये पाहा. क्रियापद कर्माप्रमाणे बदलते, म्हणून प्रयोग कर्मणी. परंतु त्यांचे इंग्रजी भाषांतर 'आय रोट अ लेटर', म्हणजे निखळ 'ॲक्टिव्ह'. याचे कारण ऐतिहासिक आहे. संस्कृतातील 'रामेण आम्रः खादितः' या धर्तीची कर्मवाच्य रचना प्राकृतांतून उतरत मराठीचा नेहमीचा भूतकाळ बनली. क्रियापदाचा कर्माशी असलेला मेळ टिकला, पण कर्त्याचे गौणत्व गेले. 'रामाने आपला आंबा खाल्ला' यातील 'आपला' रामाकडेच बोट दाखवतो. राम कोठेही पदच्युत झालेला नाही. व्हॉइस सांगतो वाक्यात अग्रस्थान कोणाला, प्रयोग सांगतो क्रियापद कोणाच्या अधीन. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. 'तू मला पुस्तक दिलेस' येथे क्रियापद पुस्तकाचे लिंगवचन घेते आणि 'स्' लावून 'तू'चाही मान राखते. अशा वाक्यांसाठी व्याकरणकारांना संकरप्रयोग मानावे लागले. दोन खणांच्या पेटीत तिसरी वस्तू ठेवायची, तर दुसरे काय करणार?

मराठीला स्वतःचे खरे 'पॅसिव्ह' नव्हते असे मात्र नाही. यादवकालीन मराठीत 'करिजे', 'बोलिजे' अशी रूपे सर्रास आढळतात. त्यांनाच पुराण कर्मणी म्हणतात. ती लोपली, पण दोन अवशेष रोजच्या बोलण्यात राहिले : 'म्हणजे' आणि 'पाहिजे'. 'मला पाणी पाहिजे' म्हणणाऱ्याला आपण सातशे वर्षांपूर्वीचे कर्मणी रूप उच्चारीत आहोत, याची जाणीव नसते. केशवसुतांचे बंधू मोरो केशव दामले यांच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'ने (१९११) प्रयोगविचाराला जो विस्तार दिला, तो इंग्रजीच्या दोन खणांत मावणारा नव्हता. दुर्दैव असे, की दामल्यांचा ग्रंथ कपाटात राहिला आणि दप्तरात इंग्रजी व्याकरणे गेली : प्रथम नेसफिल्ड, मग १९३० च्या दशकापासून रेन आणि मार्टिन.

या दप्तरानेही मराठीवर ठसा उमटवला. 'बाय'ला प्रतिशब्द म्हणून 'कडून' आला आणि 'रामाकडून रावण मारला गेला' अशी वाक्ये लिहिली जाऊ लागली. व्याकरणाने त्यांना नवीन कर्मणी हे नाव देऊन घरात घेतले. स्वयंपाकघरात मात्र अजून कोणी 'माझ्याकडून भाजी चिरली गेली' असे म्हणत नाही. म्हटलेच, तर चुकून चिरली गेली असा अर्थ होतो! कचेऱ्यांत आणि संस्थांत त्याहून सोयीचे रूप रुळले. 'कळविण्यात येते', 'मंजूर करण्यात आले' या वळणात कर्त्याचा उल्लेखच लागत नाही. इंग्रजीतही 'पॅसिव्ह'चा खरा उपयोग बहुधा हाच असतो. त्यातील बहुसंख्य वाक्यांत कर्ता येतच नाही, हे ऑटो येस्पर्सन यांनी १९२४ मध्ये दाखवून दिले होते. शाळेतील अभ्यासात मात्र 'बाय' विसरला की गुण कापले जातात.

कोणत्याही जुन्या ग्रंथालयाचे इतिवृत्त उघडावे. 'ठराव सर्वानुमते मंजूर करण्यात आला', 'पुस्तके खरेदी करण्यात आली' अशी वाक्ये पानोपानी सापडतील. केवळ खाली सूचक व अनुमोदक यांची नावे तेवढी स्वच्छ अक्षरांत लिहिलेली असतात.