फोटो भारी येतात, पण लोक फक्त रेट विचारतात? फोटोग्राफी शिकणाऱ्यांनी टू-डी डिझाइन आणि ब्रँडिंग का शिकायचं, वर्ध्याच्या उदाहरणांसह

वर्धा, हिंगणघाट, आर्वी, कुठंही जा. फोटोग्राफी शिकणाऱ्या पोट्ट्यांचा क्रम साधारण ठरलेला असतो. आधी कॅमेरा, मग ५० एमएमची लेन्स, मग मित्राच्या बहिणीच्या लग्नात फुकट शूट आणि शेवटी इन्स्टाग्रामवर नावापुढं 'फोटोग्राफी' लावलेलं पेज. लोगो म्हणून कॅमेऱ्याचं चित्र आणि खाली वळणदार इंग्रजी सही.

अडचण एवढीच की शेजारच्या गल्लीतल्या पोराचा लोगोही तसाच असतो. दोघांचे फोटो बरे असतात, पण गिऱ्हाईकाला त्यात फरक दिसत नाही. मग बोलणं थेट रेटवर येतं. "तो एवढ्यात करतोय, तुम्ही किती कमी कराल?"

यातून बाहेर पडायला नवी लेन्स फारशी कामाला येत नाही. कामाला येतात त्या दोन गोष्टी म्हणजे टू-डी डिझाइन आणि ब्रँडिंग. नावं ऐकायला मोठी आहेत, पण यातली पहिली गोष्ट तुमच्यापैकी अनेकांनी शाळेतच शिकलेली आहे.

टू-डी डिझाइन म्हणजे तेच आपलं संकल्पचित्र

एलिमेंट्री आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा आठवतात का? वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि कर्तव्यभूमिती-अक्षरलेखन. बहुतेक जण दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून बसले आणि नंतर विसरून गेले. त्यातलं संकल्पचित्र, म्हणजे दिलेल्या चौकोनात किंवा वर्तुळात आकार बसवून रंगवणं, हेच टू-डी डिझाइन. आणि अक्षरलेखन म्हणजे आज ज्याला टायपोग्राफी म्हणतात त्याची पहिली पायरी.

टू-डी म्हणजे द्विमितीय, फक्त लांबी आणि रुंदी. समोरचं जग त्रिमितीय असतं, पण फोटो शेवटी सपाट आयत असतो. शटर दाबला की नवरी, मांडव, मागची खुर्ची, कोपऱ्यातला स्टीलचा जग हे सगळं एकाच पातळीवर येऊन चिकटतं. खोली संपते, उरतात ते फक्त आकार. नवरीच्या डोक्यातून उगवलेला मांडवाचा खांब याच कारणानं दिसतो. डोळ्याला तो खांब दहा फूट मागं आहे हे कळत असतं, फोटोला ते कळत नाही.

डिझाइनमध्ये याला आकृती आणि अवकाश यांचं नातं म्हणतात. आकृतीला जेवढं महत्त्व, तेवढंच तिच्याभोवतीच्या रिकाम्या जागेला. हे समजून घ्यायला एक फोटो नीट बघा. १९४६ साली मार्गारेट बर्क-व्हाइट यांनी पुण्यात काढलेला, गांधीजी आणि चरख्याचा. त्यात चरखा अगदी पुढं आहे आणि गांधीजी त्याच्या मागं बसलेत. गंमत म्हणजे ते सूत कातत नाहीयेत, कागद वाचतायत. तरी तो फोटो चरख्याचाच म्हणून लक्षात राहतो, कारण कागदावरची मोठी जागा आणि सगळ्यात ठळक आकार चरख्याला दिलेला आहे. फोटो मोबाइलवर उघडा, डोळे अर्धवट मिटा आणि फक्त काळे-पांढरे ठोकळे बघा. त्यानंतर स्वतःचे दहा फोटो तसेच बघा. कुठं काय चुकतंय ते कुणी सांगायची गरज पडणार नाही.

सरावाला लांब जायचीही गरज नाही. सेवाग्रामच्या बापू कुटीत मातीच्या भिंतीवर मीराबेननी उठावात काढलेली ताडाची झाडं आहेत. रंग जवळपास नाहीच, नुसती माती आणि सावली. कडेनं प्रकाश आला की झाड उठून दिसतं, प्रकाश समोरून आला की भिंतीत विरघळतं. आकार प्रकाशानं बनतो की रेषेनं, हा प्रश्न तिथं उभं राहून सुटतो. कॅमेरा काढण्याआधी आश्रमातल्या लोकांची परवानगी मात्र घ्या. परवानगी नाही मिळाली तर वही काढा. शिकायला वहीच जास्त बरी.

पैसा दिसतो तो अल्बममध्ये

हे सगळं कलेचं वाटत असेल तर लग्नाच्या अल्बमकडे या. करिझ्मा अल्बमचं नेहमीचं शीट १२ बाय ३६ इंचाचं असतं. उघडल्यावर मधे घडी, दोन्हीकडं १८-१८ इंच. बहुतेक स्टुडिओ तयार पीएसडी फाइल विकत घेतात आणि त्यातल्या खाचांमध्ये फोटो टाकतात. मागं ढगात हरवलेला महाल, गुलाबाच्या पाकळ्या आणि एका शीटवर चौदा फोटो. गावातल्या तीन लग्नांचे अल्बम शेजारी ठेवले तर चेहरे सोडून सगळं सारखंच.

ज्याला संकल्पचित्र येतं तो वेगळा विचार करतो. ३६ इंचाच्या पट्ट्यात एक फोटो मोठा आणि दोन लहान, बाकी जागा मोकळी. घडीवर कुणाचाही चेहरा नाही. डाव्या पानावरचा माणूस उजवीकडं बघतोय, म्हणजे नजर पुढच्या पानाकडं जाते. 'एवढी जागा रिकामी का सोडली, पैसे पूर्ण घेतलेत ना?' असं ऐकावं लागेल, त्याची तयारी ठेवा. आपल्याकडं रिकामी जागा म्हणजे वाया गेलेली जागा. वाढदिवसाचे फ्लेक्स बघा, चाळीस कार्यकर्त्यांचे गोल चेहरे आणि मधे कुठंतरी वाढदिवस ज्याचा तो. त्यातल्या एकाचं तरी नाव तुम्हाला आठवतं का?

ब्रँडिंग म्हणजे लोगो नव्हे

लोगो ही ब्रँडिंगची सगळ्यात शेवटची गोष्ट. त्याआधी येतं ते 'हा माणूस काय करतो आणि काय करत नाही' हे ठरवणं. याचं सर्वात चांगलं उदाहरण सेवाग्राममध्येच घडलंय.

गांधीजी १९३६ साली सेवाग्रामला राहायला आले. त्यांच्या पुतण्याचा, नारणदास गांधींचा मुलगा कनू तेव्हा विशीच्या आसपास होता आणि आश्रमाच्या कामात असायचा. विनोबांचे भाऊ शिवाजी यांच्यामुळं त्याला फोटोग्राफीची गोडी लागली. कॅमेऱ्याला आश्रमाकडं पैसे नव्हते. शेवटी घनश्यामदास बिर्लांनी शंभर रुपये दिले आणि त्यातून रोलिफ्लेक्स कॅमेरा आला. गांधीजींनी फोटो काढायला हो म्हटलं, पण तीन अटी घातल्या. फ्लॅश वापरायचा नाही. पोझ द्यायला सांगायचं नाही. आणि या उद्योगाला आश्रम पैसा देणार नाही.

कोणत्याही फोटोग्राफरला या अटी म्हणजे शिक्षाच. पण पुढची दहाएक वर्षं कनू गांधींनी त्या पाळून काम केलं आणि वर्तमानपत्रांना फोटो विकून खर्च भागवला. फ्लॅश नाही म्हणून खिडकी-दाराचा मंद प्रकाश आला. पोझ नाही म्हणून पाठमोरे, चालते, कामात बुडालेले गांधीजी आले. २०१५ साली नजर फाउंडेशननं या फोटोंचं पुस्तक काढलं. त्यातले फोटो सलग बघितले की एकाच माणसाचं काम आहे हे कळतं, कुठंही वॉटरमार्क नसताना.

ब्रँडिंग ते हेच. स्वतःला दोन-तीन अटी घालायच्या आणि कंटाळा आला तरी मोडायच्या नाहीत. 'मी त्वचा गुळगुळीत करणार नाही.' 'मी उपलब्ध प्रकाशातच काढणार.' 'अल्बममध्ये एका शीटवर तीनपेक्षा जास्त फोटो नाहीत.' वर्षभर हे पाळलं की लोक तुमचा फोटो नाव न वाचता ओळखायला लागतात. सगळंच करून देणाऱ्या माणसाचा ब्रँड होत नाही, त्याचा फक्त रेट होतो.

आता लोगो. इथंही धागा सेवाग्रामकडेच येतो. २०१४ साली स्वच्छ भारत अभियानाच्या लोगोसाठी मायगव्हवर खुली स्पर्धा झाली आणि ती कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांनी जिंकली. बक्षीस पन्नास हजार रुपये. त्यांनी काय केलं? गांधीजींचा चेहरा काढला नाही, झाडू काढला नाही. फक्त चष्मा. एका काचेत 'स्वच्छ', दुसरीत 'भारत', मधल्या दांडीला तिरंगा. दोन वर्तुळं आणि एक दांडी, बस. कचऱ्याच्या डब्यावर स्टेन्सिलनं मारा, नोटेवर छापा, मोबाइलवर नखाएवढा करा, तो ओळखू येतोच. (सेवाग्राम आश्रमातला गांधीजींचा खरा चष्मा गायब झाल्याचं २०११ साली उघड झालं होतं. वस्तू गेली तरी आकार टिकला, असं म्हणायचं.)

तुमचा लोगो इन्स्टाग्रामच्या छोट्या गोलात टाकून बघा. वाचता येतो का? रंग काढून फक्त काळ्यात बघा. टिकतो का? नाही टिकला तर नुसतं नाव नीट अक्षरात लिहिलेलं बरं.

आणि ते नाव मराठीत का नको?

वर्ध्यातलं गिऱ्हाईक मराठी बोलतं, पत्रिका मराठीत छापतं, मग फोटोग्राफरची पाटीच इंग्रजीत का, हे कोडं आहे. मराठी अक्षर हा आपल्याकडचा फार मोठा खजिना आहे. कमल शेडगे यांनी शेकडो मराठी नाटकांची शीर्षकं हातानं रेखाटली. नाटक न बघितलेल्यालाही त्याचा स्वभाव जाहिरातीतल्या अक्षरावरून कळायचा.

हातानं जमत नसेल तर एक टाइप या मुंबईच्या संस्थेचे 'मुक्ता' आणि 'बलू' हे फॉन्ट मोफत मिळतात. फक्त दोन गोष्टी सांभाळा. एक, मराठीतला 'ल' आणि 'श' हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाचे असतात. फॉन्टमध्ये मराठी वळण आहे का ते बघून घ्या. दोन, फोटोशॉपमध्ये 'वर्धा' टाइप केल्यावर रफार सुटून 'र' वेगळा पडत असेल, तर फॉन्टला शिव्या देऊ नका. टाइपच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी लेआउट, जुन्या आवृत्तीत मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन, हा पर्याय चालू करा. आणि फ्लेक्सवाल्याला फाइल देताना अक्षरांचे आकारात रूपांतर करून द्या. त्याच्याकडं श्रीलिपी असेल आणि तुमचं युनिकोड, तर बोर्डावर काय छापून येईल ते देवाला ठाऊक.

सरावाला हळद घ्या

लग्नाच्या बाहेरही काम आहे. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. पण मानांकन हा कायद्याचा हक्क आहे, त्यानं पाकीट आपोआप देखणं होत नाही. पाकीट, लेबल आणि उत्पादनाचा फोटो हे कुणीतरी करावंच लागतं. फोटो आणि डिझाइन दोन्ही येणारा एकच माणूस मिळाला तर छोट्या शेतकऱ्याचा खर्च वाचतो आणि तुमच्या पोर्टफोलिओत खरं काम येतं.

हळद वाटते तेवढी सोपी नाही. गडद पिवळा कॅमेऱ्यात पटकन फुटतो, पावडरचा पोत जाऊन पिवळा गोळा उरतो. एक्स्पोजर थोडं कमी ठेवा आणि प्रकाश बाजूनं घ्या. स्क्रीनवरचा रंग आरजीबी असतो, छपाईचा सीएमवायके, म्हणून आधी एक नमुना छापून घ्या. लेबलवर एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक, निव्वळ वजन, किंमत, तारीख, हिरवा ठिपका यांना जागा लागते. ही जागा आधी आखा, चित्र नंतर. आणि जीआयचं नाव वापरायचं तर उत्पादक अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदलेला हवा, हेही शेतकरीदादांना आधी विचारून घ्या.

रीतसर शिकायचं तर

जवळचा पर्याय नागपूरचं शासकीय चित्रकला महाविद्यालय. उपयोजित कला घेऊन बीएफए करता येतं. या प्रवेशासाठी राज्याची एएसी सीईटी द्यावी लागते आणि तिच्यात डिझाइन, वस्तुचित्र, स्मरणचित्र हेच पेपर असतात. शाळेतली ती वही उघडा, झालं. मुंबईत जे. जे. उपयोजित कला संस्था आहे. पदवीनंतर एनआयडीच्या गांधीनगर कॅम्पसला फोटोग्राफी डिझाइनचा अभ्यासक्रम आहे. घरीच सुरुवात करायची असेल तर इंकस्केप आणि गिंप ही दोन सॉफ्टवेअर फुकट आहेत. कॅनव्हानं काम पटकन होतं, पण तिथलं टेम्प्लेट वापरलं की परत त्या शेजारच्या पोरासारखंच दिसायला लागतं.

एक कागद लिहून घ्याच

हे फार कमी जण सांगतात. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ नुसार, कुणी पैसे देऊन तुमच्याकडून फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर त्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा असतो. म्हणजे लग्नाचे जे फोटो तुम्ही पेजवर टाकून स्वतःचं नाव करताय, ते कायद्यानं तुमचे नसूही शकतात. बुकिंगच्या पावतीवर दोन ओळी वाढवा: कोणते फोटो पोर्टफोलिओत वापरणार आणि त्याला ग्राहकाची संमती आहे. सही घ्या. घरच्या बायकांचे, लहान मुलांचे फोटो टाकताना सही असली तरी पुन्हा एकदा तोंडी विचारा.

नावाचं संरक्षण हवं असेल तर ट्रेडमार्कची नोंदणी ऑनलाइन होते. फोटोग्राफीची सेवा वर्ग ४१ मध्ये येते आणि एकट्या व्यक्तीला एका वर्गाची शासकीय फी ४,५०० रुपये आहे. अर्ज करण्याआधी त्याच संकेतस्थळावर तुमचं नाव आधी कुणी घेतलंय का ते शोधता येतं, त्याला पैसे लागत नाहीत. नावापुढं 'टीएम' लावायला नोंदणी लागत नाही. गोलातला 'आर' मात्र नोंदणी झाल्याशिवाय लावायचा नाही, तो गुन्हा ठरतो.