कानाला एक, डोळ्यांना दोन

आदिलाबादेतील मराठी घरातला विद्यार्थी इंग्रजी शिकू लागला की त्याला पहिली ठेच लागते ती स्पेलिंगची. ‘प्रिन्सिपल’ म्हणजे प्राचार्य आणि ‘प्रिन्सिपल’ म्हणजे तत्त्वही. ‘स्टेशनरी’ म्हणजे लेखनसाहित्य आणि ‘स्टेशनरी’ म्हणजे स्थिर. उच्चार एक, फरक एकदोन अक्षरांचा. तेवढे चुकले की गुण जातात आणि मुलगा मंद ठरतो.

वास्तविक हे शब्द मूळची भावंडेच होत. मध्ययुगीन युरोपात फेरीवाले पुष्कळ. विद्यापीठापाशी एका जागी दुकान मांडून बसणारा पुस्तकविक्रेता तो ‘स्टेशनर’. त्याच्या मालाचे नाव आणि ‘स्थिर’ हे विशेषण एकाच लॅटिन मुळातून आले. अर्थ दुरावले, पुढे छापखान्यांनी व कोशकारांनी स्पेलिंगही दुरावलेले कायम केले.

आपली देवनागरी उच्चार टिपते. म्हणून तिच्यात हे दोन शब्द एक होतात. रोमन लिपी याच्या उलट आपले भेद पुसते. आदिलाबादच्या डोंगरांतला ‘गोंड’ माणूस आणि झाडाचा ‘गोंद’ तिच्यात एकच दिसतात; ‘कोलाम’ ही जमात आणि ‘कोलम’ हा तांदूळ, यांचीही तीच गत!

लिपीचा हा प्रश्न या जिल्ह्याला नवा नाही. १९४० साली जोडेघाट येथे कुमरम भीम धारातीर्थी पडले. त्यानंतर निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांच्याकडे गोंडांच्या स्थितीचा अभ्यास सोपविला. १९४३ मध्ये तेव्हाच्या आदिलाबाद जिल्ह्यातील मार्लवाई येथे गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र निघाले. राज्यकारभार उर्दूत चाले. तथापि गोंडी वाचनपुस्तकांसाठी लिपी निवडली ती देवनागरी, कारण तेथील गोंडांना मराठीचा परिचय होता. परक्या अक्षरांकडे जायचे ते ओळखीच्या अक्षरांवरून, हे तत्त्व त्यामागे होते.

इंग्रजीच्या शिक्षकानेही तेच करावे. चुकलेल्या शब्दावर लाल रेघ ओढण्यापूर्वी त्या स्थिर दुकानदाराची गोष्ट मुलांना सांगावी. ‘स्टेशनर’च्या शेवटी ‘ई-आर’ आहे, तेच त्याच्या मालाच्या नावात राहिले, एवढे कळले की घोकंपट्टीची गरज उरत नाही. जो भेद कानाला ऐकू येत नाही, तो इतिहासाने मनात ठसतो.